मोहनखेड्यास काढलेले एक छायाचित्र

इंदुराहून धारला आणि धारहून पुढे सरदारपूरच्या दिशेने जाणारा रस्ता आमच्या पूर्ण परिचयाचा आहे. नोकरीच्या निमित्ताने या रस्त्याने आम्ही किती वेळा गेलो, याची गणती नाही. परंतु गेल्या जानेवारीच्या अखेरीस याच रस्त्याने मोहनखेड्यास गेलो ते तीर्थयात्रेसाठी नव्हे आणि कचेरीच्या कामासाठीही नव्हे. एक छायाचित्र काढण्यासाठी गेलो, असे सांगितले तर वाचकांस हसू येईल. आमच्या घरातही प्रथम हसलेच.

मोहनखेडा हे राजगडाजवळचे श्वेतांबर जैनांचे मोठे तीर्थ. आचार्य राजेंद्रसूरी यांनी ते नावारूपास आणले. प्राकृत-संस्कृताचा सात खंडांचा ‘अभिधान राजेंद्र’ कोश रचणारे तेच हे आचार्य. १९०६ साली राजगडास त्यांनी देह ठेवला आणि त्यांची समाधी मोहनखेड्यास झाली. पौष शुद्ध सप्तमीस येथे मोठी यात्रा भरते. ती आटोपल्यावर गर्दी ओसरते आणि संगमरवरी देवालयाभोवतीचा विस्तीर्ण परिसर पुन्हा शांत होतो. भोवताली गव्हाची आणि हरभऱ्याची शेते. याच सरदारपूर तालुक्यात मही नदी उगम पावते. ही नदी कर्कवृत्त दोनदा ओलांडते, हे आम्ही भूगोलाच्या तासाला मुलांना नेहमी सांगतो. माळव्यातून उत्तरेस राजस्थानात जाऊन ती पुन्हा दक्षिणेकडे वळते आणि गुजरातेतून खंबातच्या आखाताला मिळते.

आमचे घराणे पवारांबरोबर माळव्यात आलेल्यांपैकी. मूळ वाडा धारला, एक शाखा देवासला. आणि आता तिसरी पिढी दाहोद, बडोदे, इंदूर अशी पांगलेली. सर्वांना एका दिवसात येता येईल, उतरण्यास धर्मशाळा मिळेल, म्हाताऱ्या माणसांना पायऱ्या फारशा चढाव्या लागणार नाहीत आणि जेवणाची चिंता नसेल, असे ठिकाण शोधता शोधता मोहनखेडा निघाले. छायाचित्र मात्र निमित्त नव्हते, ते खरे कारण होते, आणि त्या कारणाचे मूळ १९८४ सालात होते.

त्या वर्षीच्या मे महिन्यात धारच्या वाड्यात आमच्या चुलत भावाची मुंज झाली. आम्ही तेव्हा पंधरा-सोळा वर्षांचे. वडिलांचा आग्फा क्लिक थ्री कॅमेरा त्या दिवशी प्रथमच आमच्या स्वाधीन झाला होता. चाळिशी-पन्नाशी ओलांडलेल्या वाचकांस तो काळा चौकोनी ठोकळा आठवत असेल. बडोद्यास तयार होणारा हा कॅमेरा त्या काळी मध्यमवर्गीय घरातली चैनीची परमावधी होती. एका रोलवर बारा चित्रे. त्याला जोडण्या अशा फारशा नव्हत्याच. ऊन आणि ढग अशी चिन्हे होती, आणि वडिलांनी दिलेला एकच मंत्र होता : ‘सूर्य पाठीशी घे.’

मुंज लागली, पंगती उठल्या आणि साडेबाराच्या सुमारास सारी मंडळी चौकात उभी केली. आपल्याकडचा सूर्य घड्याळाच्या अर्धा तास मागे चालतो. भारतीय प्रमाणवेळ ८२.५ अंश रेखांशाची आणि धार ७५ अंशांच्या आसपास. म्हणून आपली खरी माध्यान्ह साडेबाराच्या आगेमागे होते. त्यातून मे महिन्याचा मध्य. धार कर्कवृत्ताच्या थोडे दक्षिणेस असल्याने त्या दिवसांत सूर्य दुपारी जवळजवळ थेट माथ्यावर येतो. तो पाठीशी कसा घ्यायचा? आम्ही कळ दाबली. पंधरा दिवसांनी चित्र हाती आले तेव्हा सर्वांची कपाळे आणि नाकाचे शेंडे लख्ख उजळलेले होते, आणि डोळ्यांच्या जागी काळ्या खोबण्या दिसत होत्या. तरीही माणसे ओळखू येत होती. ओळखू येत नव्हत्या त्या फक्त आमच्या धाकट्या काकू.

काकू उजव्या टोकास उभ्या होत्या, अर्ध्या खांबाआड. काका गेले तेव्हा काकूंचे वय सत्तावीस. तेव्हापासून घरातल्या प्रत्येक छायाचित्रात त्या टोकालाच आहेत. त्यांना तेथे जा असे कोणी म्हणत नसे. मध्ये ये असेही कोणी म्हणत नसे. डोक्यावरचा पदर कपाळाच्या पुढे ओढलेला. माथ्यावरच्या त्या उन्हात पदराची सावली हनुवटीपर्यंत उतरली होती आणि पदराखाली केवळ काळोख होता. आम्हांस लहानाचे मोठे त्यांनीच केले. शाळेचा डबा, तापातली रात्र, एम.ए.च्या परीक्षेस निघताना हातावर घातलेले दही, सारे त्यांचेच. आणि आमच्या हातून निघालेल्या पहिल्या चित्रात त्यांचा चेहरा नव्हता.

पुढे चाळीस वर्षांत घरात चित्रे पुष्कळ निघाली. लग्नांत निघाली, बारशांत निघाली. काकू कोठे पंगतीत पाठमोऱ्या, कोठे कोणाच्या खांद्याआड अर्ध्या. त्यांच्या पंचाहत्तरीस एखादे चित्र मोठे करून घ्यावे म्हणून आम्ही तो जुना फोटो घेऊन एका स्टुडिओत गेलो. त्या गृहस्थाने भिंग लावून पाहिले आणि म्हणाला, ‘‘मास्तरसाहेब, उजेडच पडला नाही, तर काढू कशातून?’’ त्याचे म्हणणे खरे होते. आता काकूंचे वय ब्याऐंशी. गेल्या दिवाळीत त्यांच्या दोन्ही डोळ्यांच्या मोतीबिंदूच्या शस्त्रक्रिया झाल्या, आणि आम्ही मनाशी ठरविले की हे काम आता लांबवायचे नाही.

छायाचित्रणाची आमच्या माळव्याशी जुनी सोयरीक आहे, हे येथे सांगितले पाहिजे. लाला दीनदयाळ, पुढे हैदराबादच्या निजामाकडून ‘राजा’ ही पदवी मिळविणारे, मूळचे मेरठजवळच्या सरधन्याचे. रुडकीस शिकून ते इंदुरात बांधकाम खात्यात नोकरीस लागले आणि येथेच, १८७० नंतरच्या दशकात, कॅमेऱ्याच्या नादी लागले. दुसरे तुकोजीराव होळकर आणि सर हेन्री डेली यांचा त्यांना आश्रय मिळाला. त्या काळी कळ दाबली की काम झाले, असे नव्हते. काचेच्या तावदानावर चित्र उमटेपर्यंत माणसाला श्वास धरून बसावे लागे. स्टुडिओ बांधताना काचा बहुधा उत्तरेकडे ठेवीत, कारण उत्तरेकडून ऊन येत नाही, नुसता आकाशाचा मऊ उजेड येतो. ही गोष्ट आम्ही पूर्वी वाचली होती. तिचा उपयोग मोहनखेड्यास झाला.

दुसरा धडा वाटेत धारला मिळाला. शिल्पकार रघुनाथ कृष्ण फडके मूळचे वसईचे. पण धारला आले आणि धारचेच होऊन राहिले. गिरगाव चौपाटीवरील लोकमान्यांचा पुतळा त्यांच्याच हातचा. १९६१ साली त्यांना पद्मश्री मिळाली. त्यांनी घडविलेले चेहरे आम्ही लहानपणापासून पाहत आलो. पण दगडाच्या चेहऱ्याला रंग नसतो, त्याला जे काही नाक-डोळे आहेत ते उजेड आणि सावली यांच्याच जोरावर, हा विचार कधी डोक्यात आला नव्हता. धारला चहासाठी थांबलो असता आमच्या पुतण्याने एका पुतळ्याभोवती फेरी मारली आणि तो सहज म्हणाला, ‘‘काका, इकडून पाहिलं तर हे रागावलेत, तिकडून पाहिलं तर नाही.’’ उजेड एका बाजूने आला की चेहऱ्याला उठाव येतो, समोरून आला की चेहरा सपाट होतो, माथ्यावरून आला की डोळे बुडतात. फडक्यांना हे आमच्या मंत्राहून फार चांगले ठाऊक असणार. सूर्य पाठीशी घ्या, हा नियम मुळात माणसाच्या चेहऱ्यासाठी नव्हताच. त्या स्वस्त कॅमेऱ्याला भरपूर उजेडाशिवाय चित्र काढता येत नसे, म्हणून तो आला. कॅमेरे गेले आणि नियम राहिला. आजही आपल्याकडे कोणी मोबाईल उगारला की दहा माणसे उन्हाकडे तोंड करून डोळे बारीक करतात.

मोहनखेड्यास आम्ही दुपारी तीनच्या सुमारास पोहोचलो. लहानमोठी मिळून सतरा माणसे. देवदर्शन झाले. देवालयात कॅमेरा काढायचा नाही, एवढे मुलांना आधीच बजावून ठेवले होते. संध्याकाळी पाच ते सहा या तासात चित्र काढावे, असा आमचा बेत. माळव्याच्या रात्रीची कीर्ती हिंदुस्थानभर आहे; पण तिच्या आधीचा तो एक तास आम्हांस रात्रीहून प्रिय आहे. ऊन तिरपे होते, धूळ सोनेरी होते, माणसाचा चेहरा निवतो. बेत उत्तम होता. फक्त त्यात एक गोष्ट आम्ही विसरलो होतो. जैन तीर्थात सूर्यास्तापूर्वी जेवण होते! सूर्य सव्वासहाला मावळणार. त्याच्या आत भोजनशाळेत पाने वाढून, जेवून उठायचे. आम्ही अंगणात खुर्च्या मांडीत होतो आणि तिकडे पंगत बसत होती. थोरल्या दादांनी घड्याळ पाहिले आणि निकाल दिला, ‘‘फोटो उद्या निघेल, वरण आज थंड होईल.’’ काकूंस औषधापूर्वी जेवावे लागते, तेव्हा वाद संपला. जेवून बाहेर आलो तो आकाश जांभळे झालेले, आणि उजेड गेलेला.

दुसऱ्या दिवशी सकाळी साडेसातला पहिला प्रयत्न केला. सूर्य नुकताच वर आला होता, थंडी कडाक्याची, सर्वांच्या अंगावर शाली. कोवळे ऊन समोरून घेतले. रंग सुरेख आला. पण सोळा माणसांचे बत्तीस डोळे मिटलेले. कोवळे झाले तरी ते ऊनच. काकूंच्या नव्याने उघडलेल्या डोळ्यांतून तर पाण्याची धार लागली. त्या डोळे पुसत म्हणाल्या, ‘‘अरे, मला राहू दे. तुम्ही पोरं उभी राहा, मी बघते.’’ नेहमीचेच वाक्य. आम्ही मोबाईल खिशात घातला आणि चहा मागविला.

चहा पिता पिता धर्मशाळेची एक बैठी इमारत पाहिली. सूर्य तिच्या मागे होता आणि तिची सावली पश्चिमेकडील अंगणात दहा-बारा पावले पसरली होती. सावलीत ऊन नव्हते, पण अंधारही नव्हता. वर आणि समोर सारे आकाश मोकळे होते. दीनदयाळांच्या काळची उत्तरेची काच म्हणावी तशी ती जागा होती. मात्र भिंतीला चिकटून बसलो तर उजेड कमी, आणि सावलीबाहेर आलो तर पुन्हा ऊन. म्हणून सावलीच्या काठाच्या दोन हात आत खुर्च्या मांडल्या, आणि पाठीमागची भिंत आपोआप दूर राहिली. मग सूनबाईंनी बिछान्यावरची पांढरी चादर आणून समोर उन्हात पसरली. ऊन चादरीवर पडून खालून वर चेहऱ्यांवर परतू लागले. काकू खुर्चीवर बसल्या होत्या, पदर नेहमीसारखा कपाळाच्या पुढे. आणि तो उजेड पदराखाली शिरला. आम्ही पाहतच राहिलो. पदर मागे सारा, असे त्यांना म्हणण्याची आमची छाती नव्हती आणि इच्छाही नव्हती. तशी गरजच उरली नाही.

काकूंस त्या खुर्चीवर बसविणे मात्र सोपे नव्हते. आमची शाळेतली सवय अशी की उंचीप्रमाणे तीन रांगा, हात बाजूला, मधोमध मुख्याध्यापक. तीस वर्षे आम्ही असेच वर्गाचे फोटो काढवून घेतले, आणि तेही मधल्या सुट्टीत, भर उन्हात. त्या चित्रांत मुले कैद्यांसारखी का दिसतात हे आम्हांस उशिरा कळले. येथे आम्ही रांग मोडली. मधोमध एक खुर्ची, तिच्या शेजारी थोडी तिरपी दुसरी. पायाशी सतरंजीवर मुले. मागे उभी राहणारी माणसे एका रेषेत नव्हे, कोणी अर्धे पाऊल पुढे, कोणी मागे, जेणेकरून डोक्यांची रेषा चढती-उतरती व्हावी. टोकाची माणसे आतल्या बाजूस किंचित वळलेली. मोबाईलच्या भिंगात टोकाचा माणूस ताणल्यासारखा रुंद दिसतो; म्हणून जवळून न काढता आम्ही पावले मोजून मागे गेलो, आणि टोकाला तरुणांना ठेवले, त्यांना थोडे रुंद दिसले तरी चालते.

‘‘मधली खुर्ची दादांची,’’ काकू उभ्याच राहिल्या. ‘‘मी आपली कडेला बरी.’’

थोरले दादा चौऱ्याहत्तर वर्षांचे, घरातले कर्ते. ते काही क्षण बोलले नाहीत. मग उठून शेजारच्या खुर्चीवर जाऊन बसले आणि म्हणाले, ‘‘काकू, उजेड तिथे आहे. मास्तर म्हणतो तसं करा, नाहीतर तो आपल्याला दुपारपर्यंत बसवील.’’ उजेड दोन्ही खुर्च्यांवर सारखाच होता. काकू बसल्या.

पुतण्याचा हट्ट असा की पाठीमागे देवालयाचे शिखर संपूर्ण आले पाहिजे. त्याचे एक चित्र काढून दाखविले. शिखर आले, पण माणसे मुंग्यांएवढी झाली. शिवाय उन्हातल्या पांढऱ्याशुभ्र संगमरवराने मोबाईल फसला. पांढरे फार दिसले की हे यंत्र सारे चित्रच काळवंडून टाकते, आणि माणसांचे चेहरे पुन्हा १९८४ सालात जातात. त्यावर उपाय असा की पडद्यावर चेहऱ्याच्या जागी बोट टेकवावे, म्हणजे यंत्र उजेडाचे माप चेहऱ्यावरून घेते. तेही त्याला दाखविले. देवालयाचे सुंदर चित्र बाहेर दुकानात मिळते, काकूंचे मिळत नाही, हे त्यास पटले. मग शिखर सोडून साधी भिंत घेतली. एका पुतणीच्या डोक्यातून नळाचा पाइप उगवलेला दिसत होता, तिला हातभर सरकविले. भिंग तेलकट होते, ते उपरण्याने पुसले. चित्र अंधूक येते म्हणून लोक मोबाईल बदलतात, आणि दोष निम्म्या वेळा खिशातल्या रुमालाचा असतो.

आणखी एक अडचण उरली. मंडळी सावलीत होती, पण आम्ही उन्हात. सूर्य भिंतीवरून थेट भिंगात येत होता आणि चित्रावर पांढुरके धुके पसरत होते. कोणीतरी छत्री आणली. धर्मशाळेच्या रखवालदाराने ती आमच्या डोक्यावर अशी धरली की छत्रीची सावली भिंगावर पडावी. आम्ही वाकून मोबाईल बसलेल्या माणसांच्या डोळ्यांच्या उंचीवर आणला. लहान मूल रडले, शांत झाले. सूर्य वर चढत होता आणि सावलीचा काठ मुलांच्या पायांपर्यंत मागे सरकला होता. ‘‘सर्वांनी डोळे मिटा. तीन म्हणताच उघडा.’’ ही युक्ती आमच्या शाळेतल्या ड्रिल मास्तरांची. लागोपाठ आठ-दहा चित्रे घेतली.

‘‘आणि तू रे?’’ काकूंनी विचारले. ‘‘तू कुठल्याच फोटोत नसतोस.’’

हे आमच्या ध्यानीमनी नव्हते. स्टुलावर पाण्याचे तांबे ठेवून त्यांच्या आधाराने मोबाईल उभा केला, पुतण्याने दहा सेकंदांची वेळ लावून दिली आणि आम्ही धावलो. धावत जाऊन जी जागा मोकळी दिसली ती घेतली. उजवे टोक. मागाहून चित्र पाहताना लक्षात आले की धारच्या चौकात काकू उभ्या होत्या तीच ही जागा. चित्रात आमचा एक खांदा कापला गेला आहे आणि तोंड किंचित उघडे आहे. बाकी सोळाजण उत्तम आले आहेत.

काकूंना मोबाईलवर चित्र मोठे करून दाखविले. त्यांनी चष्मा घातला, काढला, पुन्हा घातला. बराच वेळ काही बोलल्या नाहीत. मग म्हणाल्या, ‘‘ही तर माझी आई.’’ काकूंचे माहेर देवासचे. त्यांच्या आईचे एकही चित्र कोणाकडे नाही. ती कशी दिसत होती हे सांगू शकणारे आता दुसरे कोणी उरलेले नाही. काकूंनी पडद्यावर बोट फिरविले, तसे चित्र सरकून नाहीसे झाले आणि त्या घाबरल्या. नातीने ते परत आणून दिले.

भोजनशाळेचे सकाळचे जेवण घेऊन दोनच्या सुमारास सारे आपापल्या वाटेने निघाले, कोणी दाहोदकडे, कोणी इंदुराकडे. मोबाईलमधली चित्रे मोबाईलबरोबरच हरवतात, असा आमचा अनुभव असल्याने इंदुरास जाताच कागदावर सहा प्रती काढून घेतल्या आणि प्रत्येकीच्या पाठीवर तारीख, ठिकाण व डावीकडून क्रमाने सर्वांची नावे मऊ पेन्सिलीने लिहिली. बॉलपेनचा वळ पुढच्या बाजूला उमटतो. जुन्या पेटीतल्या फोटोंत निम्मी माणसे आता कोण आहेत हे कोणास सांगता येत नाही, म्हणून ही खटपट. काकूंच्या प्रतीवर मात्र नावे नाहीत. आम्ही पेन्सिल काढली तेव्हा त्यांनी फोटो हातातून काढून घेतला. ‘‘मला सगळे ठाऊक आहेत,’’ त्या म्हणाल्या, आणि तो कपाटात साड्यांच्या घडीखाली ठेवून दिला.